सांगोवांगीचा सल्ला आणि शिक्षकाची सही



मार्च महिना जवळ आला, की वार्षिक परीक्षेच्या जोडीने शिक्षकांच्या बैठकींत आणखी एक विषय निघतो. तो म्हणजे आयकर. केंद्राच्या सभेत, एस. टी.च्या प्रवासात, लग्नाच्या पंगतीत या विषयावर सल्ला देणारे अनेकजण भेटतात. सल्ला फुकट असतो, देणारा ठामपणे बोलतो आणि ऐकणाऱ्याचे चार पैसे वाचणार असतात. त्यामुळे सल्लागाराचे नावगाव ठाऊक नसले, तरी त्याचे म्हणणे मनात ठसते. अशा सल्ल्यावर किती विसंबावे, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

अनोळखी माणूस नेहमी खोटेच सांगतो असे नाही. पुष्कळदा तो स्वतःच्या बाबतीत खरे ठरलेले तेच सांगत असतो. परंतु कराचा हिशेब वर्ष, उत्पन्नाचा प्रकार आणि करदात्याने स्वीकारलेली करपद्धती यांप्रमाणे बदलतो. एकाच्या अंगरख्याचे माप दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही, तसेच हे आहे.

‘विमा उतरवा, म्हणजे कर वाचेल,’ हा सल्ला घ्या. 1961 च्या आयकर कायद्यातील जुन्या पद्धतीत कलम 80-सी खाली दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत असे. तेथे तो सल्ला योग्य होता. पुढे 2020 साली नवी करपद्धती आली आणि 2023-24 या वर्षापासून, जुनी पद्धती मुद्दाम न निवडणाऱ्यास तीच लागू झाली. नव्या पद्धतीत ही वजावट नाही. 2025-26 या वर्षासाठी तीत पगारदारास 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट असून, उरलेले उत्पन्न 12 लाखांपर्यंत असल्यास सवलतीमुळे वेतनावर कर पडत नाही. तेव्हा ज्या शिक्षकाचे वार्षिक वेतन 9 लाख रुपये आहे व ज्यास अन्य उत्पन्न नाही, त्यास या पद्धतीत वाचविण्याजोगा करच उरत नाही. केवळ कर वाचावा म्हणून त्याने विमा उतरविला, तर लाभ काही नाही. हप्ता मात्र वर्षानुवर्षे मागे लागतो.

दुसरा सल्ला गावोगाव ऐकू येतो : ‘शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, ते दाखवूच नका.’ यातील पहिला भाग खरा आहे, दुसरा नव्हे. निव्वळ शेती उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर इतर उत्पन्नावरील कर काढताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते. प्रत्यक्ष कर शेतीवर पडत नाही. परंतु वेतनावरील कर त्यामुळे वाढू शकतो.

तिसरा प्रकार घरभाड्याच्या पावत्यांचा. जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्यावर सूट मिळते, ती भाडे खरोखर दिले असेल तरच. घर आईवडिलांच्या मालकीचे असले आणि त्यांस भाडे प्रत्यक्ष दिले जात असले, तर ती मागणी रास्त असू शकते. भाडेही मग त्यांच्या उत्पन्नात दाखविले गेले पाहिजे. भाडे न देता केवळ पावती जोडणे मात्र खोटे विधान होय.

असे खोटे दावे भरून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध आयकर विभागाने 14 जुलै 2025 रोजी देशभर सुमारे 150 ठिकाणी तपासणी केली. त्यांत महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे चुकीचे दावे आपण होऊन मागे घेतल्याचे विभागाने त्या वेळी सांगितले. काही मध्यस्थ विवरणपत्र भरण्यापुरता तात्पुरता ई-मेल पत्ता उघडीत आणि पुढे सोडून देत. त्यामुळे विभागाच्या नोटिसा न वाचता पडून राहत, आणि ज्याच्या नावे नोटीस निघाली त्यास तिची वार्ताही नसे.

यातच मुख्य गोष्ट आहे. सल्ला कोणीही देवो, विवरणपत्रातील माहिती खरी असल्याची पडताळणी करदात्याच्या नावे होते. 1961 च्या कायद्याच्या कलम 270-अ प्रमाणे उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या 50 टक्के, आणि खोटी माहिती देऊन ते कमी दाखविल्यास 200 टक्के दंड ठेवलेला आहे. दंडाची ती रक्कम सल्लागाराकडे मागितली जात नाही. गाडीत भेटलेला गृहस्थ पुढच्या थांब्यावर उतरून जातो. सही मात्र शिक्षकाची राहते.

म्हणून ऐकलेल्या प्रत्येक सल्ल्यास तीन प्रश्न विचारावेत. हा नियम कोणत्या वर्षाचा? तो कोणत्या करपद्धतीस व कोणत्या उत्पन्नास लागू? आणि तो कोठे लिहिला आहे? पहिला प्रश्न आता विशेष महत्त्वाचा, कारण 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू करण्याचे ठरविण्यात आले, आणि जुने कलमांक त्यात बदलले. वेतन व कपात यांचा दाखला, जो ‘नमुना 16’ म्हणून परिचित आहे, तो विभागाकडील वार्षिक माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. थकीत वेतन एकदम मिळाले असल्यास कलम 89 ची सवलत सांगोवांगी न सोडता विचारून घ्यावी. 1961 च्या कायद्याखाली तीसाठी विवरणपत्रापूर्वी नमुना 10-ई भरावा लागे. शंका राहिल्यास कार्यालयातील वेतन लिपिकास किंवा आपल्या नावाने जबाबदारी घेणाऱ्या सनदी लेखापालास विचारावे.

खेड्यात शिक्षकाचा शब्द प्रमाण मानला जातो. उद्या एखादा शेतकरी किंवा माजी विद्यार्थी त्याच्याकडेच कराचा प्रश्न घेऊन येईल. अशा वेळी ऐकलेले पुढे सांगण्यापेक्षा ‘पाहून सांगतो’ एवढेच म्हणणे शिक्षकास अधिक शोभते. ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारण्याची सवय जो मुलांना लावतो, त्याने स्वतःच्या व्यवहारातही ती पाळावी, हे उचितच होय.