कांती ताटातून येते



मी सातवी शिकलेली बाई. चुलीपाशी बसून कळले तेवढेच सांगते. चेहरा फिकट दिसला की आपण पावडर शोधतो. पण फिकेपणा पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली पुरुषाला रोज १९, तर बाईला २९ मिलिग्रॅम लोह हवे असे सांगितले. आणि भाजीच्या पातेल्याचा तळ कुणाच्या वाट्याला येतो? बाईच्याच! म्हणून आमच्याकडे आता सारी एकाच पंगतीला बसतात. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेवग्याचा पाला तेलावर परतून, वर लिंबू पिळून. लिंबाने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र नको. वयात आलेल्या मुलीचे पान तर कधीच शेवटी वाढू नका.