आडत कोणाकडून?



 

२०११ साली एरिक रीस यांचं ‘द लीन स्टार्टअप’ हे पुस्तक आलं आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्याला एक शिस्त लागली. आधी चालण्यापुरतं उत्पादन बाजारात न्या, लोक ते कसं वापरतात ते पाहा, मगच पुढचा पैसा ओता. त्यामागे एक गृहीतक होतं : कोड लिहिणं महाग आहे. म्हणून तर लिहायला बसण्याआधी आपण ग्राहकाकडे चार खेपा घालत होतो. ते गृहीतक आता उरलेलं नाही. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हे एआय साधन कोडच्या अर्धवट ओळी पुऱ्या करून द्यायचं. आज कर्सरला किंवा क्लॉड कोडला काम सांगा. तो फायली उघडतो, कोड लिहितो, चाचण्या चालवतो, चुकलं तर दुरुस्तही करतो. नवउद्योगांना भांडवल देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरने आपल्या २०२५ च्या हिवाळी तुकडीबद्दल सांगितलं, की त्यातल्या पाव कंपन्यांचा जवळजवळ ९५ टक्के कोड एआयने लिहिलेला आहे. मला याचा आनंद आहे. भांडवल नाही म्हणून ज्यांच्या कल्पना वहीतच राहिल्या असत्या, ती तालुक्याच्या गावातली पोरं आता उत्पादन उभं करू शकतात.

पण याला दुसरी बाजूही आहे. नुकतंच पाहिलेलं एक अ‍ॅप घ्या. दोन तरुणांनी ते भाजीपाल्याच्या आडत्यांसाठी केलं. माल उतरला, वजन झालं, भाव फुटला की शेतकऱ्याची हिशोबपट्टी मोबाइलवर तयार. स्क्रीन देखणी, आकडेमोड अचूक, सगळ्या चाचण्या पास. पट्टीत हमाली, तोलाई आणि आडत म्हणजे आडत्याचं कमिशन, तिन्ही शेतकऱ्याच्या रकमेतून वजा. पण महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची आहे. त्यावरून तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. एआयने जुनी रीत उचलली. चाचण्याही त्यानेच लिहिल्या होत्या, त्यामुळे जी समजूत कोडमध्ये चुकली, तीच चाचण्यांनी बरोबर ठरवली. चूक पकडली ती गाळ्यावरच्या दिवाणजींनी, पहिली पट्टी हातात घेताच.

ही दोन्ही मुलं हुशार आहेत. त्यांनी कोडची एक ओळही हाताने लिहिली नाही, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गाळ्यावर बसून त्यांनी एक लिलावही पाहिला नव्हता, ही माझी तक्रार आहे. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात मांडलं होतं, की सॉफ्टवेअरमधलं अवघड काम म्हणजे नेमकं काय करायचं ते ठरवणं. ते काम आजही तेवढंच अवघड आहे आणि आता ते टाळण्याचा मोह फार वाढला आहे.

एआयमुळे मिळणारा वेग मोजतानाही जपायला हवं. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवर प्रयोग केला. एआय हाताशी असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की २० टक्के वाचला! साधनं तेव्हापासून पुढे गेली आहेत, पण आपल्याला वाटणारा वेग आणि घड्याळातला वेग वेगळे असू शकतात, एवढं त्यातून घ्यावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नवशिक्यांची. ‘ज्युनियर कशाला, एआय एजंट आहे की’ असं मी कंपन्यांच्या मालकांकडून वारंवार ऐकतो. आपण सगळे शिकलो ते बग दुरुस्त करताना, चिडलेल्या ग्राहकाचा फोन घेताना. ती पायरीच काढून टाकली, तर दहा वर्षांनी एआयचा कोड वाचून ‘इथे घोळ आहे’ असं सांगणारा माणूस आणायचा कुठून?

म्हणून आपल्या संघटनेच्या या सभेत, दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक सभासद कंपनीने दरवर्षी नवशिके घ्यावेत आणि पहिले काही आठवडे त्यांना ग्राहकाच्या पेढीवर, दवाखान्यात, गोदामात बसवावं. तिथल्या खऱ्या पट्ट्या, पावत्या, नोंदी पाहून चाचण्यांची उदाहरणं त्यांनी स्वतः लिहावीत, आणि ती एआयला बदलू देऊ नयेत. खर्चाचा प्रश्न निघणार, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी लहान कंपन्यांनी मिळून एक सामाईक निधी करावा, असं कलम मसुद्यात आहे. त्यावर आपण मोकळेपणाने बोलावं, दुरुस्त्या सुचवाव्यात.