मूळ ग्रंथ पाहण्याचा अधिकार
(भोर येथे, भोर व वेल्हे तालुक्यांतील वाचकांपुढे केलेले भाषण)



ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती, त्यांच्या हाती आज प्राचीन चीनचे ग्रंथभांडार आले आहे. भारतात नष्ट झालेले अनेक बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरांत जिवंत राहिले. जपानमध्ये १९२४ ते १९३४ ह्या काळात त्यांचा 'तैशो त्रिपिटक' हा शंभर खंडांचा संग्रह छापला गेला. तैवानमध्ये १९९८ साली स्थापन झालेल्या 'सीबेटा' ह्या संस्थेने त्यातील बहुतांश मजकूर संगणकावर आणून विनामूल्य खुला केला. तोक्यो विद्यापीठाचे 'सॅट' हे भांडारही सर्वांस खुले आहे. वेल्हे तालुक्यातील, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील, एखाद्या वाडीत बसूनही ते पाहता येते.

पूर्वी हे काम किती कठीण होते! पुण्याचे प्रा. पु. वि. बापट ह्यांनी 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' ह्यांचा तुलनात्मक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. 'विमुत्तिमग्ग' संपूर्ण स्वरूपात केवळ चिनी भाषांतरात उरला आहे. तो वाचण्यासाठी त्यांना चिनी भाषा शिकावी लागली.

आता ग्रंथ सुलभ झाला, म्हणून सत्य सुलभ झाले काय? मुळीच नाही. 'वज्रसूची'चे उदाहरण घ्या. जन्माने कोणी ब्राह्मण ठरत नाही आणि सर्व माणसांची जात एकच, असे हा ग्रंथ युक्तिवादाने सिद्ध करतो. संस्कृत परंपरा त्याचे कर्तृत्व अश्वघोषाकडे देते. परंतु दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्याचे चिनी भाषांतर तैशोच्या ३२ व्या खंडात १६४२ ह्या क्रमांकावर आहे, आणि तेथे कर्ता म्हणून 'फा-छंग', म्हणजे धर्मकीर्ती, हे नाव आहे. सभेत आपण केवळ 'अश्वघोष म्हणतो' असे सांगितले आणि प्रतिपक्षाने हा क्रमांक पुढे केला, तर आपली बाजू विनाकारण दुबळी दिसेल. दोन्ही परंपरा प्रथम आपणच सांगितल्या, तर युक्तिवादाचे तेज तसूभरही कमी होत नाही.

यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबू नका. 'फा' ह्या एकाच चिनी वर्णाचा अर्थ धर्म, नियम किंवा वस्तू असा संदर्भानुसार बदलतो. यंत्र आचार्याच्या नावाचाही शब्दशः अर्थ लावून माणूसच नाहीसा करू शकेल. म्हणून भाषांतर हाती येताच तीन प्रश्न विचारा: भाषांतरकार कोण? वर्ष कोणते? ते कोणत्या मूळ ग्रंथावरून केले? उतारा टिपताना खंड, ग्रंथक्रमांक व पृष्ठ लिहून ठेवा.

दुसरे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. ह्युएन त्संगने सातव्या शतकात महाराष्ट्र पाहिला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या अकराव्या भागात येथील सुमारे शंभर विहारांचा आणि पाच हजार भिक्षूंचा उल्लेख आहे. सॅम्युअल बील ह्यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ चे आहे. पुढे थॉमस वॉटर्स ह्यांनी त्यातील अनेक चुका दाखवल्या. ली रोंगशी ह्यांचे १९९६ चे भाषांतर विनामूल्य मिळते. ही तिन्ही शेजारी ठेवून वाचा. भोरपासून जवळ शिरवळला बौद्ध लेणी आहेत. तीही त्या शंभरांत असतील, असे मनास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रवाशाने शिरवळचे नाव घेतलेले नाही. पूर्वेकडील डोंगरातल्या ज्या विहाराचे त्याने वर्णन केले, तो अभ्यासकांच्या मते अजिंठ्याचा होय. जे लिहिलेले नाही, ते अभिमानापोटीही लिहिलेले आहे असे म्हणू नये. लेण्यांचा दगड स्वतःची साक्ष देण्यास समर्थ आहे.

ज्यांनी आपल्याला ग्रंथापासून दूर ठेवले, ते 'ग्रंथात असे आहे' एवढेच सांगत आणि ग्रंथ दाखवीत नसत. आपण तसे करता कामा नये. आपण ग्रंथ दाखवू, क्रमांक सांगू, शंका असेल तेथे शंका मान्य करू. आणि आपल्या मुलामुलींपैकी दोघातिघांनी तरी चिनी भाषा शिकावी, म्हणजे हे ग्रंथ इंग्रजीच्या दारातून न येता सरळ मराठीत येतील. दार उघडे आहे. आत जाण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच घेतले पाहिजेत.