अंगणापुढचें कुंपण

नाशिक जिल्ह्यांतील हरसूल हें गांव त्र्यंबकेश्वर तालुक्यांत, गुजरातच्या सीमेजवळ आहे. तेथें एखाद्यानें अंगणांत वाल-काकडी लावून गुरांच्या भयानें पुढें कारवीचा कूड घातला, तर त्यांत गैर तें काय? तरी शेजारी रुष्ट होतात. आणि श्रोतेहो, त्यांचें सर्वस्वीं चुकतें असें नाहीं. कूड दृष्टि अडवितो याचें दुःख थोडें. तो वाट अडवितो. पाणवठ्याकडे जाणाऱ्या बायकांची, शेताकडे जाणाऱ्या बैलांची वाट कित्येकदां अशा अंगणावरूनच गेलेली असते. जागा एकाची, वहिवाट चौघांची!

शेताची वहिवाटीची वाट अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते. पण दावा चाललेल्या घरीं उसना कोयता मागावयास कोण जाणार? म्हणून जाणता गृहस्थ खुंट ठोकण्यापूर्वींच शेजाऱ्यांस बोलावून त्यांच्याच हातीं दोरीचें टोंक देतो. माणूस तिरका निसटेल, गुरूं अडेल, एवढी फट राखतो आणि बैलांसाठीं सरकते बांबू बसवितो. शेराचें कुंपण असेल तर तें हद्दीपासून हातभर आंत घ्यावें. त्याचा चीक डोळ्यांस घातक, आणि शेजारचीं पोरें फांदी मोडल्यावांचून राहात नाहींत.