लाटांचा हिशेब

ऐन पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या वेळी, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर कठड्यापलीकडे उसळणारे पाणी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कठड्याच्या पायथ्याशी काँक्रीटचे चौपायी ठोकळे टाकलेले असतात, ते लाटेचा जोर मोडण्याकरिता. असा ठोकळा किती वजनाचा असावा, हे ठरविण्यापूर्वी येणारी लाट किती उंच असेल ते ठाऊक हवे. आणि हे काम आता बव्हंशी संगणकाकडे सोपविले जाते.

युक्ती साधीच आहे. समुद्राच्या नकाशावर बारीक चौकटी आखावयाच्या, प्रत्येकीत पाण्याची खोली मांडावयाची, आणि शेजारच्या चौकटीतून किती पाणी आले व किती गेले, याची क्षणाक्षणाला जमाखर्ची ठेवावयाची. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. १० मीटर खोलीवर तो सेकंदास सुमारे १० मीटर, तर अडीच मीटरवर त्याच्या निम्मा. ह्यामुळे लाटेचा जो भाग आधी उथळात शिरतो तो रेंगाळतो, लाट वळते आणि भूशिरावर तिचा जोर एकवटतो. एक पथ्य मात्र कडक आहे. कूरांट, फ्रीडरिख्स व लेवी ह्या गणितज्ञांनी १९२८ साली दाखविले की, अशा हिशेबात कालाचे पाऊल फार लांब टाकले, तर उत्तरे भरकटतात. म्हणून चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, पावले दुप्पट, आणि श्रम आठपट!

एवढे करूनही लाट कळली म्हणजे बांध टिकलाच, असे नव्हे. पोर्तुगालमधील सिनेस बंदराच्या लाटरोधक बांधावर ४२ टनांचे 'डोलोस' ठोकळे रचले होते. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात त्यांपैकी कितीतरी मोडून वाहून गेले. हौदातील लहान प्रतिकृतीत ठोकळा हलतो की नाही हे दिसते. परंतु तो चिमुकला ठोकळा आपल्या आकाराच्या मानाने फारच बळकट असल्यामुळे मोडत नाही, आणि खरा मोडतो.

पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत संगणकी गणिते होतात, आणि पाण्याचे हौदही राखलेले आहेत. खुल्या समुद्रातून बंदराच्या तोंडापर्यंत लाट कशी येईल, ते गणित चांगले सांगते. पण हवा गिळून, फेसाळून, ठोकळ्यांच्या फटींत घुसणारी फुटती लाट आकड्यांना अजूनही सहजासहजी आवरत नाही. तिच्याकरिता हौदात पाणी भरावे लागते.