खापर मांजरावर

व्याख्यानाच्या जाहिरातीत विषय छापला होता 'आजाराने मोडणारी हाडं'. त्यामुळे पुढच्या रांगा काठ्यांनी आणि गुडघ्यांच्या पट्ट्यांनी भरून गेल्या होत्या. नाचणी चांगली की तीळ, कॅल्शियमची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, एवढं ऐकून घरी जायचा श्रोत्यांचा बेत. वक्त्या मात्र डॉक्टर नव्हत्या. पुण्यात बसून अमेरिकन इस्पितळांच्या कागदांचं कोडिंग, म्हणजे आजारांना ठरावीक कोड देण्याचं काम, तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्या एकच गोष्ट पटवायला आल्या होत्या: हाड कशामुळे मोडलं हे कागदावर आलं नाही, तर रोग्यावर निम्मेच उपचार होतात.

"ऑस्टिओपोरोसिस म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे," म्हणत हाडं ठिसूळ करणाऱ्या या आजाराचा भाग त्यांनी एका वाक्यात उरकला. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी माना डोलावल्या. नव्हतं त्यांनी जरा जास्तच.

मग उदाहरण. समजा, अमेरिकेतली ७४ वर्षांची एक बाई स्वयंपाकघरात गालिच्याला अडखळून पडते आणि उजव्या खुब्याचं हाड मोडतं. सर्जन लिहितो, 'पडल्यामुळे फ्रॅक्चर'. कोडर एस७२.००१ए हा कोड लावतो, म्हणजे साधी इजा. पण त्याच फाइलमध्ये ॲलेंड्रोनेट या हाडांच्या औषधाची गोळी चालू असल्याची नोंद आहे आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा टी-स्कोअर उणे ३.१ आहे. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ची व्याख्या. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडच्या पुस्तकाचा नियम स्पष्ट आहे: ऑस्टिओपोरोसिस असल्याचं माहीत असलेला माणूस पडला, आणि तेवढ्या पडण्याने निरोगी हाड सहसा मोडलं नसतं, तर इजेचा कोड लावायचा नाही. लावायचा एम८०, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमुळे मोडलेलं हाड. या बाईंच्या बाबतीत एम८०.०५१ए.

"मग लावा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"लावता येत नाही," वक्त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा चढला. गोळी दिसते, आकडा दिसतो, पण निदान डॉक्टरांनीच लिहिलं पाहिजे; कोडरने ताडून चालत नाही. तो फार तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे प्रश्न, पाठवू शकतो. तीही अशी, की उत्तर त्यांच्या तोंडात घातल्यासारखं होता कामा नये. "वासा वाळवीने पोखरलेला असतो. मांजर त्यावर उडी मारतं, वासा खाली येतो. आणि पंचनाम्यात मांजराचं नाव!"

हशा झाला. त्या हशाच्या जोरावर त्यांनी तांत्रिक भाग भराभर मागे टाकला. कोडच्या शेवटचं 'ए' हे अक्षर पहिल्या भेटीसाठी असतं असा समज आहे. ते खरं तर प्रत्यक्ष उपचार चालू असेपर्यंत राहतं. नंतर हाड नीट भरत असेल तर 'डी', भरायला उशीर होत असेल तर 'जी', जुळलंच नाही तर 'के', वाकडं जुळलं तर 'पी'. कॅन्सरने पोखरलेलं हाड मोडलं तर एम८४.५, उपचार हाडावर चालू असेल तर हा कोड आधी, कॅन्सरवर असेल तर कॅन्सरचा आधी. ऑस्टिओपोरोसिसचं हाड जुळून गेलं की एम८० सुटतो, एम८१, म्हणजे सध्या फ्रॅक्चर नसलेला ऑस्टिओपोरोसिस, येतो आणि जोडीला झेड८७.३१० लागतो: पूर्वी असं हाड मोडलं होतं याची खूण. "आणि हो, याच पुस्तकात बदकाने मारल्याचा कोडही आहे. विमानाच्या जेट इंजिनात ओढलं गेल्याचाही आहे. त्यात पुढच्या भेटीसाठीही अक्षर आहे!"

इथपर्यंत घड्याळ वक्त्यांच्या बाजूने होतं. मग बर्तियाँ आले.

आजारांच्या आणि मृत्यूंच्या यादीचा हा खटाटोप सुरू कुठे झाला, एवढंच सांगायचं होतं. पॅरिसचे ज्याक बर्तियाँ. मृत्यूच्या कारणांची त्यांची यादी १८९३मध्ये शिकागोत आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने स्वीकारली, आजचं आयसीडी तिथून वाढलं. पण ज्याकना आल्फाँस नावाचा भाऊ होता आणि वक्त्यांना तो आवरेना. पॅरिस पोलिसांतला हा कारकून गुन्हेगारांची हाडं मोजायचा: डोक्याची लांबी, मधलं बोट, डावं पाऊल, उंची. मोठ्या माणसाच्या हाडाची लांबी बदलत नाही, या विश्वासावर त्याची पद्धत उभी होती. ती बंगालमध्येही आली. मग तिथले पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांचं वर्गीकरण बसवलं आणि १८९७मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला.

"येते, विषयावरच येते! आल्फाँसने तीच माणसं म्हातारपणी पुन्हा मोजली असती तर फसला असता." म्हातारपणी मणके दबतात आणि न पडताही उंची घटते. मणक्याची अशी बहुतेक फ्रॅक्चर्स कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पाठदुखी म्हणून मलम चोळलं जातं. भरकटूनही त्या नेमक्या जागी परतल्या, हे मान्य करायला हवं.

घंटा वाजली आणि त्याच वेळी एक अस्थिरोगतज्ज्ञ उठले. ओपीडीबाहेर रांग लागलेली असते, हाड बसवायचं की निबंध लिहायचा? शिवाय हे कोड अमेरिकेच्या बिलांसाठी, आपल्याला काय त्याचं? टाळ्या त्यांनाही पडल्या. वक्त्या थोड्या दुखावल्या. "निबंध नको, दोन शब्द द्या," म्हणाल्या. आपल्याकडेही मृत्यूच्या कारणांची नोंद आयसीडी-१०नेच होते, हे त्यांनी घाईघाईत सांगितलं. असं एक हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि तरीही खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना हाडांचं औषध सुरूच होत नाही, हेही. शस्त्रक्रियेचं कौशल्य कुणी नाकारत नव्हतं. पण डॉक्टरांकडे या शेवटच्या मुद्द्याला उत्तर नव्हतं.

आभार मानायला सचिव माईकपाशी आले, तरी वक्त्यांनी माईक सोडला नाही. पन्नाशीनंतर घरातल्या कुणाचं मनगट, खुबा किंवा मणका उभ्याउभ्या पडून मोडला असेल, तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा. 'ऑस्टिओपोरोसिस' आहे की नाही याबद्दल त्यावर काहीच लिहिलेलं नसेल, तर पुढच्या तपासणीला जाताना ते कार्ड सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारा.