अण्णांची अक्षरे आणि पुलावरची धूळ
(शाळेच्या हीरक महोत्सवी प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आत येताना आपण सभागृहाच्या डाव्या बाजूला लोखंडी पुलाची एक प्रतिकृती पाहिली असेल. पुलावर एक इंजिन उभे आहे. ते पाहून एका पालकांनी मला जिन्यातच विचारले, "बाई, पाहुणे येणार, आणि मुलांनी इंजिन असे मळके का ठेवले? एवढी मेहनत केली होती, तर जरा चकचकीत रंगवायचे ना!" प्रश्न प्रेमाचा होता. त्याचे उत्तर जिन्यात देण्यासारखे नव्हते, म्हणून ते येथे देते. सुरुवातीलाच कबूल करते की तीन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटले होते आणि जरा चढ्या आवाजात म्हटले होते.

गेल्या वर्षी छंदवर्गाची मुले पुण्यास कोथरूडमधील लघुरेल्वेचे संग्रहालय पाहून आली. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवेलागण होते. मुले परतली ती एकच हट्ट घेऊन : हीरक महोत्सवाला आपणही रेल्वे करायची. धावणारी गाडी आपल्या खिशाला परवडणारी नव्हती. तेव्हा उभी रेल्वे करावी आणि एकच जागा करावी, पण ती खरी असावी, असे ठरले. जागा कोणती, यावर पुष्कळ वाद झाला. खंडाळ्याचा घाट झाला, दादर स्थानक झाले. शेवटी कुणीतरी मला माझ्या माहेरचे विचारले.

माझे माहेर काशीचे. दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. शेजारच्या पंचगंगा घाटावर उभे राहिले की ईशान्येला राजघाटाचा पूल दिसतो. १८८७ साली तो लॉर्ड डफरिन यांच्या नावाने सुरू झाला आणि १९४८ पासून मालवीय पूल म्हणून ओळखला जातो. खाली रूळ, वर रस्ता. साडेतीनशे फुटांचे सात गाळे आणि एकशे दहा फुटांचे नऊ, मिळून एक किलोमीटरहून अधिक लांबी. आमचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्या हिशोबाने सबंध पूल बारा मीटरांचा झाला असता, म्हणजे सभागृहात खुर्च्यांना जागा उरली नसती! मोठा गाळा मात्र चार फुटांत बसतो. म्हणून आपल्यापुढे दोनच गाळे आहेत.

इंजिनाची गोष्ट माझ्या घरची आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात रंगकामाच्या विभागात होते. या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १९५६ साली बसली आणि पहिले इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडले. ते 'डब्ल्यूडीएम-२' जातीचे होते. पहिले अक्षर रुंद मार्गाचे, दुसरे डिझेलचे, तिसरे मालगाडी आणि प्रवासी गाडी दोन्ही ओढू शकते याचे, आणि आकडा त्या मालिकेतील क्रमाचा. ही फोड अण्णांनी मला मुळाक्षरांच्या बरोबरीने शिकवली होती. इंजिनावरचे क्रमांक आणि नावे लिहिणे हे त्यांचे काम. त्यांच्याजवळ चौकटीच्या कागदाची एक वही होती. तिच्यात देवनागरी आणि रोमन, दोन्ही अक्षरे व आकडे मापात काढलेले होते. ती वही आज माझ्याकडे आहे.

मुलांनी ठरवले की इंजिनावरची अक्षरे संगणकातली घ्यायची नाहीत, अण्णांच्या वहीतली घ्यायची. त्या वेळी मला काय वाटले ते सांगत बसत नाही.

वीतभर लांबीच्या इंजिनावर दोन मिलिमीटरांचे अक्षर कुंचल्याने लिहिता येत नाही. त्यासाठी डेकल करावे लागते. लहानपणी आपण पाण्यात बुडवून वहीवर उतरवायची चित्रे आणत असू, त्याच जातीचे हे. अक्षर एका खास कागदावर छापायचे, कापायचे, कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायचे आणि सुटलेली पातळ फिल्म जागेवर सरकवायची. ऐकायला सोपे आहे. पहिल्या दिवशी मुलांनी छापलेला कागद थेट पाण्यात टाकला आणि अण्णांची अक्षरे वाटीत विरघळली. कार्यालयातल्या यंत्राची शाई पाण्यात टिकत नाही. छापल्यावर आधी पारदर्शक लाखेचे दोनतीन पातळ हात देऊन ते वाळू द्यावे लागतात. पुढची अडचण याहून मजेची होती. इंजिन लाल, अक्षरे पांढरी आणि छापण्याच्या यंत्रात पांढरी शाईच नाही! दोन दिवस वर्ग डोके धरून बसला. मग आठवीतल्या एका मुलीने सुचवले की अक्षर छापूच नये, अक्षराभोवतीचा लाल रंग छापावा आणि अक्षराच्या जागी पांढरा कागद तसाच राहू द्यावा. तसे केले. छापलेला लाल आणि इंजिनाचा लाल यांचे पटेना, तेव्हा पट्टी पत्र्याच्या जोडरेषेपर्यंत नेली. दोन लालांमधली सीमा त्या रेषेत लपली.

लहान केल्यावर 'ख' आणि 'ण' यांच्या पोटातल्या जागा बुजू लागल्या. मुलांनी त्या जागा पडद्यावर थोड्या उघडल्या आणि मला विचारले, "बाई, अण्णांच्या अक्षराला हात लावला तर चालेल का?" अण्णा स्वतः लांबून वाचता यावे म्हणून रेघा जाडबारीक करीत, हे वहीतच दिसत होते. मी हो म्हटले. आणखी एक गोष्ट मुले चुकूनमाकूनच शिकली : खरबरीत रंगावर डेकल बसवले तर खाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चांदीसारखी कडा चमकते. म्हणून आधी चकाकीचे वॉर्निश, मग डेकल, आणि शेवटी चकाकी मारणारे मॅट वॉर्निश.

इंजिन तयार झाले. लालभडक, वर अण्णांची अक्षरे. मी ते माझ्या टेबलावर ठेवून घेतले. दोन दिवसांनी मुले ते परत मागायला आली, कारण त्याला जुनेपण चढवायचे बाकी होते. या छंदात त्याला वेदरिंग म्हणतात. काळ्यातपकिरी रंगाचे पातळ पाणी फटींत सोडायचे, पेस्टल खडूची भुकटी करून मऊ कुंचल्याने धूळ, गंज आणि धूर दाखवायचा. मी साफ नाही म्हटले. पुलाचे काय करायचे ते करा, इंजिनाला बोट लावायचे नाही. मुले गप्प झाली. त्यांतल्या एकाने धीर करून विचारले, "बाई, अण्णांनी रंगवलेले इंजिन पुढे कसे दिसायचे?"

त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि मी ते कित्येक वर्षे आठवले नव्हते. पुलाच्या पश्चिम टोकाला काशी नावाचे छोटे स्थानक आहे. मी दहाबारा वर्षांची असताना अण्णा आणि मी तेथे उभे होतो. एक गाडी येऊन थांबली. इंजिन लाल होते असे केवळ अंदाजाने म्हणावे, इतकी धूळ. धूर निघतो तेथून छतावर काळा पट्टा, चाकांच्या बाजूला ब्रेकच्या लोखंडाची तांबूस भुकटी. अण्णा फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. खिशातून रुमाल काढून त्यांनी क्रमांक पुसला आणि मोठ्याने वाचला. मला वाटले, त्यांना वाईट वाटत असेल. पण ते मला चालकाच्या दाराजवळची दांडी दाखवू लागले. तिचा रंग उडून लोखंड चकाकत होते. "येथे रोज हात लागतो," एवढेच ते म्हणाले. घरी येऊन आईला मात्र त्यांनी तीनदा सांगितले की आकडे अजून शाबूत आहेत.

मी इंजिन मुलांच्या हाती दिले.

आपण आता ते जवळून पाहा. दाराजवळच्या दोन दांड्यांवर पेन्सिलीच्या शिशाची चमक आहे. धुराचा पट्टा मागे सरकत फिका होतो, कारण गाडी पुढे जाते. ओघळ सगळे वरून खाली आहेत. सुरुवातीला दोघांनी ते आडवे काढले होते आणि पाऊस आडवा वाहतो का, यावर वर्गात भांडण झाले. पुलाच्या खांबांवर पाण्याच्या दोन खुणा दिसतील. खालची गंगेच्या धोक्याच्या पातळीची, ७१.२६२ मीटर. वरची १९७८ च्या महापुराची, ७३.९०१ मीटर. आमच्या प्रमाणात दोहोंत तीन सेंटिमीटरांचे अंतर पडते. त्या पुरात आमच्या घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. मी नऊ वर्षांची होते आणि शाळा बंद म्हणून आनंदात होते. आईचा चेहरा कसा होता, हे पुढे कळले. मुलांना गाळाची ती वरची रेघ हलक्या हाताने काढायला मीच सांगितले, कारण पाणी तेथे फार दिवस थांबले नव्हते. धोक्याच्या रेषेजवळचा डाग अधिक गडद आहे, कारण तेथवर पाणी पुनःपुन्हा येते.

आता कालची गोष्ट. संध्याकाळी प्रदर्शन मांडून मुले घरी गेली. पाहुणे येणार म्हणून आमच्या शिपाईकाकांनी सभागृह झाडले, खुर्च्या पुसल्या, आणि मोठ्या आस्थेने ओल्या फडक्याने इंजिनही पुसून काढले. पुलाला वॉर्निश दिलेले होते, तो वाचला. इंजिनावरच्या भुकटीला शेवटचा हात द्यायचा राहिला होता. सकाळी सात वाजता मुलांनी पाहिले तर इंजिन कारखान्यातून आजच निघाल्यासारखे! काका बिचारे ओशाळून दारात उभे. कुणी त्यांना बोलले नाही, याचा मला अभिमान वाटला. एका मुलीने त्यांना कुंचला दिला आणि विचारले, "काका, तुम्ही रेल्वेने गावी जाता ना? धूळ कुठे जास्त असते?" काका बसले. छताच्या जाळीपाशी आणि पायऱ्यांवर जी धूळ आहे ती त्यांच्या हातची आहे. ती लावून झाली तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि वॉर्निश अजून पुरते वाळलेले नाही. म्हणून कृपया इंजिनाला हात लावू नका. अक्षरे वाचायची असतील तर शेजारी भिंग ठेवले आहे.